नर फेरेट, खच्चीकरण आणि शिकारीविषयीचा एक जुना गैरसमज

१/
'खच्चीकरण' हा शब्द मराठीत आज जनावरांपेक्षा माणसांबद्दलच अधिक वापरला जातो. पोलिसांच्या मनोबलाचे खच्चीकरण होते, कार्यकर्त्यांचे होते, संस्थांचेही होते. वृषण गेले की धैर्य गेले, जोम गेला, हे गृहीतक या शब्दाच्या पोटात दडलेले आहे. ब्रिटनमध्ये बिळांतून ससे काढण्यासाठी फेरेट नावाचा प्राणी पाळणाऱ्या अनेकांच्या मनातही तेच गृहीतक असते. खच्ची केलेला नर सुस्तावतो, बिळात उतरायला कुचराई करतो, शिकार विसरतो, असे ते सांगतात. या धाग्याचे प्रतिपादन असे की, हा समज फेरेटच्या शरीराविषयी फार थोडे सांगतो आणि माणसाच्या पौरुषकल्पनेविषयी पुष्कळ.

२/
प्रथम प्राण्याची ओळख. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज. लांबट अंग, आखूड पाय, अरुंद डोके. दिसायला मुंगसाचा दूरचा भाऊ वाटावा असा, पण कुळाने वेगळा. तो वीझल आणि ऑटरच्या कुळातला. लिनियसने १७५८ मध्ये त्याला 'मुस्टेला फुरो' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या 'फुरो'चे मूळ लॅटिनमधल्या चोर या अर्थाच्या शब्दात सापडते. नराला इंग्रज 'हॉब' म्हणतात, मादीला 'जिल'. नर मादीपेक्षा बराच मोठा, अनेकदा दुप्पट वजनाचा असतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

३/
मराठी वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल: ससा बिळात कुठे राहतो? महाराष्ट्राच्या माळरानावरचा ससा बीळ खणत नाही. तो गवतातच अंग चोरून बसतो. इंग्रजीत त्याला 'हेअर' म्हणतात. मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा 'रॅबिट' मात्र कळपाने राहतो आणि जमिनीखाली अनेक तोंडांच्या बिळांची वसाहतच उभारतो. मराठीत दोघांनाही 'ससा' हा एकच शब्द आहे. फेरेटचा सगळा इतिहास या दुसऱ्या, बिळातल्या सशाशी बांधलेला आहे. जेथे तो ससा गेला, तेथे त्याच्या मागोमाग फेरेटही गेला.

४/
या जोडीचा जुना आणि तपशीलवार उल्लेख स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात आहे. आजच्या बॅलेरिक बेटांवर सशांनी पिके फस्त केली, तेव्हा लोकांनी राहण्यासाठी दुसरी भूमी द्यावी म्हणून रोमकडे दूत पाठवले, असे तो सांगतो. सशांच्या शिकारीच्या अनेक पद्धतींपैकी एक म्हणून तो लिबियातून आणलेल्या, मुद्दाम पाळलेल्या वीझलचे वर्णन करतो. त्यांना मुसके घालून बिळात सोडत. ते नख्यांनी सशाला बाहेर ओढत, नाहीतर त्याला पळ काढायला लावत. बिळाच्या तोंडाशी उभी असलेली माणसे मग त्याला धरत. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही, बॅलेरिकच्या रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सशांविरुद्ध सैन्याची मदत मागितल्याचे नोंदवतो.

५/
स्ट्रॅबोच्या वर्णनातला निर्णायक शब्द आहे 'मुसके'. मळणीत बैलाने धान्य खाऊ नये म्हणून शेतकरी त्याला मुसके घालतो. फेरेटने सशाला चावू नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला फेरेटकडून रक्तपात नको होता. त्याला हवा होता बिळातून सशाला हुसकून लावणारा मदतनीस. पकडण्याचे काम माणसाचे, जाळ्याचे किंवा कुत्र्याचे. म्हणून 'फेरेटची शिकारक्षमता' मोजायची तर आधी त्याचे काम नेमके कोणते, हे ठरवावे लागते. आवेश, हिंस्रपणा, 'मर्दानी' आक्रमण हे गुण या कामाच्या यादीत वर नाहीतच. उलट मुसक्याचा सगळा खटाटोप ते आवरण्यासाठीच आहे.

६/
नॉर्मनांच्या काळात हा ससा इंग्लंडमध्ये आला आणि पुढच्या दोन शतकांत राखीव कुरणांतली मौल्यवान मालमत्ता बनला. त्याचे मांस आणि कातडे महाग, म्हणून त्याचा अधिकार जमीनदारांना व मठांना. १३९० मध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्या पार्लमेंटने कायदा केला: वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्याने आणि १० पौंडांपेक्षा कमी मिळकतीच्या धर्मगुरूने शिकारी कुत्रे, फेरेट वा जाळी बाळगू नयेत. कारण असे दिले की, सणाच्या दिवशी भले लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर शिकारीला जातात आणि तेथे कट शिजवतात. १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव तेव्हा ताजा होता.

७/
पिशवीत मावणारा, न भुंकणारा हा प्राणी सत्तेला कुत्र्यांच्या बरोबरीने धोकादायक वाटला, हे लक्षणीय आहे. त्याचे सामर्थ्य त्याच्या शांतपणात होते. मध्ययुगातल्या दोन चित्रांकडेही पाहावे. गास्तों फेबुस या फ्रेंच सरदाराच्या शिकारग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितात बिळांवर जाळी लावून आत फेरेट सोडण्याचे दृश्य आहे. 'क्वीन मेरी सॉल्टर' या इंग्लिश हस्तलिखितात फेरेट आणि जाळे घेऊन ससे पकडत आहेत त्या स्त्रिया. मध्ययुगीन चित्रकाराला तरी हे काम केवळ पुरुषी पराक्रमाचे वाटले नव्हते.

८/
काम प्रत्यक्षात कसे चालते? बिळाच्या प्रत्येक तोंडावर बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे लावायचे. आवाज करायचा नाही. एका तोंडातून फेरेट आत सोडायचा. त्याच्या वासाने भेदरलेला ससा दुसऱ्या तोंडातून उसळतो आणि जाळ्यात गुरफटतो. सगळे सुरळीत झाले तर फेरेट रिकाम्या हाताने, पण आज्ञाधारकपणे बाहेर येतो. बिघडते ते तेव्हा, जेव्हा फेरेट आतच सशाला मारतो, खातो आणि तेथेच झोपतो. मग माणसाला फावडे घेऊन जमीन खणत बसावे लागते. म्हणजे फेरेटने 'जास्त शिकार' करणे, हाच या शिकारीतला सर्वांत मोठा खोळंबा.

९/
आता पहिला पुरावा: जिल. बिळात मोकळे सोडण्यासाठी जुने जाणकार बहुधा मादीलाच पसंती देत आले आहेत. ती लहान, चपळ. अरुंद वाटांतून जाते, जाळ्याची भोके ओलांडून बाहेर येते आणि सशाला कोपऱ्यात दाबून ठार करण्याइतकी धिप्पाड नसते. मोठ्या, बलदंड नराला वेगळे काम असे: त्याच्या गळ्याला लांब दोरी बांधून, आत अडकलेल्या मादीचा ठाव घेण्यासाठी त्याला मागाहून पाठवत. दोरीच्या लांबीवरून खणायचे कुठे, हे कळे. शिकारीची इच्छा जर वृषणांतून येत असती, तर ज्या प्राण्याला वृषणच नाहीत, त्याच्यावर या व्यवसायाची भिस्त शतकानुशतके राहिली नसती.

१०/
दुसरा पुरावा पंचांगाचा, आणि तो अधिक बोलका आहे. ब्रिटनमध्ये फेरेट घेऊन ससे धरण्याचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा झाडोरा वाळलेला असतो, बिळांची तोंडे दिसतात आणि आत सशांची पिल्ले फारशी नसतात. पण नर फेरेटचा विणीचा हंगाम असतो साधारण डिसेंबर-जानेवारीपासून जुलै-ऑगस्टपर्यंत. उन्हाळा सरला की त्याची वृषणे आक्रसतात, टेस्टोस्टेरॉन ओसरते. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत जो 'पुरा' नर बिळात उतरतो, तो त्या काळापुरता जवळजवळ खच्ची झालेलाच असतो. निसर्ग दरवर्षी शरदात हे काम बिनबोभाट उरकतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणूस त्याला कामाला नेतो. त्या वेळी कोणी तक्रार करत नाही.

११/
हे ऋतुचक्र प्रकाशावर चालते, हे १९३२ मध्ये अमेरिकन संशोधक टी. एच. बिसोनेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एरवी जननेंद्रिये निद्रिस्त असण्याच्या काळात, सूर्यास्तानंतर विजेचा दिवा लावून त्यांनी फेरेटचा दिवस लांबवला. त्यामुळे नर आणि मादी दोघेही वेळेआधीच विणीच्या स्थितीत आले. दिवस मोठा होऊ लागला की पीयूषिका ग्रंथीकडून आदेश सुटतो आणि वृषणे जागी होतात. दिवस लहान झाला की ती निजतात. शिकारीची वृत्ती मात्र त्यांच्यासोबत निजत नाही. भूक, वास आणि बिळाविषयीचे कुतूहल बारमाही असते.

१२/
उलट, नर विणीवर आला की कामात विघ्नेच वाढतात. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत; ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. अंगाला उग्र दर्प येतो. त्याच बिळात मादी असेल तर त्याचे लक्ष सशावरून उडते. फेरेटचे मीलन तासन्‌तास चालते, आणि नर मादीची मान दातांत धरून तिला फरपटत नेतो. अशा नराला बिळात सोडणे म्हणजे ऐन पेरणीत मोकळ्या वळूला औताला जुंपण्यासारखे आहे. खच्ची नर हे सगळे टाळतो: तो सोबत्यांबरोबर राहतो, वर्षभर एकसारखा वागतो आणि हाताळणाऱ्याला ओळखतो.

१३/
तिसरा पुरावा फेरेटच्या बालपणातला. इरेनॉयस आयब्ल-आयब्सफेल्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पोलकॅटच्या पिल्लांचा अभ्यास केला. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे त्यांच्यात उपजत असते. परंतु भक्ष्याच्या मानेवर अचूक दात रोवणे ती भावंडांशी खेळता खेळता आणि अनुभवाने शिकतात. पुढे जर्मनीतल्या रायमुंड आपफेलबाख यांनी दाखवले की, फेरेटच्या पिल्लावर भक्ष्याच्या वासाचा ठसा प्रामुख्याने वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उमटतो. त्या काळात ज्याचा वास व चव ओळखीची झाली, तेच पुढे त्याला भक्ष्य वाटते. नर वयात येतो तो त्यानंतर कित्येक महिन्यांनी, बहुधा पुढच्या वसंताच्या तोंडावर. शिकारी आधी घडतो, नर नंतर जागा होतो. जे शिक्षण वृषण जागे होण्यापूर्वीच पुरे झाले, ते वृषणांबरोबर काढून नेता येत नाही.

१४/
मग हा समज टिकला कसा? काही अंशी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीमुळे. पुऱ्या नराचे वजन ऋतूप्रमाणे चढते-उतरते: हिवाळ्याआधी तो अंग धरतो, विणीच्या धावपळीत वाळतो. खच्ची नराची ही वसंतातली धावपळ थांबते. ताटली मात्र पूर्वीइतकीच भरली, तर तो लठ्ठ होतो. आणि लठ्ठ फेरेट अरुंद बिळात धापा टाकणारच. दोष ताटलीचा, आळ शस्त्रक्रियेवर. दुसरे कारण तुलनेतच आहे. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुसंख्य ससे मेले. फेरेटचे काम आटले. त्यानंतरच्या काळात फेरेट घराघरांत निव्वळ सोबतीसाठीही पाळला जाऊ लागला, आणि घरातला नर खच्ची करणे सोयीचे ठरले. ज्याने आयुष्यात बीळ पाहिले नाही, त्या घरच्या नराची तुलना दर आठवड्याला रानात जाणाऱ्या नराशी झाली, तर फरक सरावाचा असतो, शरीराचा नव्हे.

१५/
पण मुख्य कारण माणसाच्या मनातले आहे. पराक्रम म्हणजे पौरुष आणि पौरुष म्हणजे वृषण, हे समीकरण इतिहासाने अनेकदा खोटे पाडले आहे. सहाव्या शतकात इटलीत ऑस्ट्रोगॉथांचा पाडाव करणारा बायझन्टाइन सेनापती नार्सेस खोजा होता. पंधराव्या शतकात चीनची प्रचंड आरमारे हिंदी महासागरात आणणारा झंग ह हाही. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवगिरीच्या यादवांना दिल्लीपुढे पुन्हा नमवणारा, नंतर वारंगळ आणि द्वारसमुद्रापर्यंत पोहोचलेला मलिक काफूरही. या माणसांवर झालेला अत्याचार अत्याचारच होता. तो कोणत्याही विजयाने धुऊन निघत नाही. परंतु त्यांच्या धैर्याचा उगम वृषणांत नव्हता, एवढे तरी त्यांच्या चरित्रांवरून मान्य करावे लागते.

१६/
मराठी शेतकऱ्याला तर हे नव्याने सांगण्याची गरज नाही. खोंड बडवल्यावरच तो औताचा बैल होतो. ज्या बैलाच्या खांद्यावर दख्खनची शेती उभी राहिली, ज्याला पोळ्याला सजवून ओवाळले जाते, तो खच्ची केलेलाच असतो. त्याच्या ताकदीविषयी कोणाला शंका नसते. अडचण त्याच्या वळू-भावाची असते: ताकद आहे, पण ती जुंपता येत नाही. जी भाषा 'खच्चीकरण' हा शब्द हतबलतेसाठी वापरते, त्याच भाषेतला शेतकरी जगातला सर्वांत कष्टाळू प्राणी म्हणून बैलाचेच नाव घेतो. शब्द एक बोलतो, शेत दुसरेच.

१७/
याचा अर्थ खच्चीकरण निर्धोक आहे असा नव्हे, आणि येथेच या गैरसमजाचे खरे नुकसान दिसते. शस्त्रक्रियेने वृषण काढल्यावर पीयूषिका ग्रंथीला आवर घालणारा संदेश थांबतो. तिची संप्रेरके मग मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथींना सतत चेतवत राहतात. पुढे त्या ग्रंथी वाढतात, गाठी होतात, अंगावरचे केस झडतात, नरांत लघवी अडू शकते. २००० मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी खच्चीकरणाचे वय आणि हा आजार जडण्याचे वय यांत संबंध असल्याचे दाखवले. अमेरिकेत पिल्ले अगदी लहानपणीच खच्ची करून विकण्याची प्रथा रूढ झाली, आणि तेथे हा आजार सर्रास आढळतो.

१८/
म्हणून शस्त्रक्रियेला पर्याय पुढे आले. डेस्लोरेलिन या औषधाची तांदळाएवढी कांडी कातडीखाली बसवली की पीयूषिकेचा आदेशच काही काळ थांबतो. वृषणे जागच्या जागी राहून निद्रिस्त होतात. म्हणजे औषधाच्या साहाय्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच अवस्था लांबवली जाते. दुसरा जुना उपाय नसबंदीचा. असा नर मीलन करतो, पण पिल्ले होत नाहीत. इंग्रज त्याला 'हॉब्लेट' म्हणतात, आणि पूर्ण खच्ची नराला 'हॉबल'. हॉब्लेटचे महत्त्व मादीसाठी असते. मीलन झाल्याशिवाय जिलचा माज उतरत नाही; तो लांबत गेला तर इस्ट्रोजेनमुळे तिची अस्थिमज्जा निकामी होऊन ती रक्तक्षयाने मरू शकते. नराचा निर्णय असा मादीच्या जिवाशीही बांधलेला आहे.

१९/
आणि काहीच न करण्याची किंमतही इतिहासाने नोंदवली आहे. १८८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये सशांचा उच्छाद आवरण्यासाठी हजारो फेरेट मोकळे सोडले गेले. ते प्रजननक्षम होते, वाढले आणि रानटी झाले. ससे संपले नाहीत. पण ज्यांना अशा शत्रूची सवयच नव्हती, त्या जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांवर संकट ओढवले. मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या किवीलाही फेरेट मारतो. अखेर २००२ मध्ये त्या देशाने फेरेटची विक्री आणि पैदास बंद केली. बिळातून परत न आलेला नर खच्ची असेल तर एक प्राणी हरवतो. तो पुरा असेल तर एक वंश सुरू होऊ शकतो.

२०/
तेव्हा कामाच्या नराला खच्ची करावे की नाही, या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नाही. त्याचे वय, अधिवृक्क ग्रंथींचा धोका, सोबत राहणाऱ्या माद्या, पळून जाण्याची शक्यता, औषधाची उपलब्धता, हे सगळे तोलून पशुवैद्याच्या सल्ल्याने ते ठरवावे. पण या तराजूत 'त्याची शिकार जाईल' हे वजन टाकू नये. या एका भीतीपायी मालक वैद्याकडे जाण्याचेच टाळतो. मग नर वसंतभर पिंजऱ्यात एकटा पडतो, मादी माजावर राहून खंगते, आणि नको असलेली पिल्ले कोणाच्या तरी दारात येतात. ज्यांना अजूनही शंका असेल, त्यांनी नोव्हेंबरमध्ये बिळातून नर बाहेर आल्यावर त्याला उचलून पोटाखाली पाहावे. ज्याच्या बळावर तो आत उतरला असे ते समजतात, ते त्या दिवशी तेथे जेमतेम हाताला लागेल.